उन्हाळ्यात हळू धावा, पण एकटे धावू नका

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त मार्च महिन्यात क्लबहाउसमध्ये झालेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातली बरीच वाक्यं मुद्दाम तशीच ठेवली आहेत. – स्मरणिका समिती)



रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमात आरोग्यावर एक भाषण हवं, असं ठरलं आणि ते माझ्याकडे आलं. विषय मीच निवडला: उन्हाळ्यातला सराव. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या सोसायटीत धावणाऱ्यांचा, सायकलवाल्यांचा आणि पोहणाऱ्यांचा एक चांगला गट तयार झालाय. पहाटे साडेपाचला गेटवर आठ-दहा जण तरी दिसतात. काहींना यंदा डोंगरवाटांवरची शर्यत करायची आहे, तिघा-चौघांनी ट्रायथलॉनचं मनावर घेतलंय. आणि तयारी सुरू होणार ती नेमकी एप्रिल-मे महिन्यात. म्हणून म्हटलं, ऊन तापायच्या आधी चार गोष्टी बोलून घेऊ.

ज्यांना हे शब्द नवीन आहेत त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. ट्रेल रनिंग म्हणजे डांबरी रस्ता सोडून पायवाटेवर, टेकडीवर, डोंगरात धावणं. आपल्याकडे वेताळ टेकडी आहे, सिंहगड आहे, कात्रज ते सिंहगड अशी डोंगररांग आहे. त्यामुळे पुणेकराला ट्रेल शोधायला लांब जावं लागत नाही. ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं, एकामागोमाग एक, मध्ये विश्रांती नाही. सुरुवातीचं अंतर, ज्याला स्प्रिंट म्हणतात, ते ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं. ऑलिंपिकचं अंतर याच्या दुप्पट. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून हा खेळ तिथे आहे. आयर्नमॅन हे नाव तुम्ही ऐकलं असेल, त्यात ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि मग अख्खी मॅरेथॉन, म्हणजे ४२.२ किलोमीटर. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकला ही स्पर्धा पूर्ण केली आणि घराघरांत हा शब्द पोहोचला. २०१९ मध्ये गोव्यात पहिल्यांदा अर्ध्या आयर्नमॅनची स्पर्धा झाली, तेव्हापासून तर पुण्या-मुंबईचे कितीतरी नोकरदार, डॉक्टर, गृहिणी त्या वाटेला लागले.

आता उन्हाळाच का? कारण कॅलेंडर तसं आहे. साताऱ्याची यवतेश्वर घाटातली अर्धमॅरेथॉन पावसाळ्याच्या शेवटाकडे, गोव्याची स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, सह्याद्रीतल्या बऱ्याच शर्यती थंडीत, मुंबई मॅरेथॉन जानेवारीत. या सगळ्यांचा पाया घालायचा तर एप्रिल, मे आणि जूनचा पहिला आठवडा हाच काळ हाताशी असतो. आणि मला आज एकच गोष्ट सांगायची आहे: हा काळ पाया घालण्याचा आहे, वेग वाढवण्याचा नाही. उन्हाळ्यात जो हळू धावायला शिकतो आणि सोबत्याचं ऐकून थांबायला शिकतो, तो हिवाळ्यात जोरात धावतो.

हे नुसतं बोधवाक्य नाही, त्यामागे साधा हिशोब आहे. ६० किलो वजनाचा माणूस १० किलोमीटर धावला, तर साधारण ६०० किलोकॅलरी खर्च होतात. त्यातला जेमतेम पाव भाग प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येतो. उरलेल्या ४५० किलोकॅलरींची नुसती उष्णता होते. ही उष्णता बाहेर गेलीच नाही, तर एवढ्या वजनाच्या शरीराचं तापमान सुमारे ९ अंशांनी वाढेल. म्हणजे ३७ वरून ४० अंशांवर जायला तीन-साडेतीन किलोमीटर पुरेत! तसं होत नाही, कारण आपल्याला घाम येतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. इथे ‘वाळला’ हा शब्द महत्त्वाचा. अंगावरून टपटप खाली पडलेला घाम काहीच थंडावा देत नाही. म्हणून पुण्याच्या कोरड्या हवेत एप्रिलची सकाळ सुसह्य वाटते, आणि त्याच तापमानाला मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात जीव नकोसा होतो. तिथे हवेतच इतकी वाफ असते की घाम वाळत नाही. मेच्या अखेरीस वळवाचे ढग यायला लागले की आपल्याकडेही तेच होतं. तेव्हा मोबाइलवर नुसतं तापमान बघू नका, आर्द्रतेचा आकडाही बघा.

दुसरी गोष्ट रक्ताची. धावताना स्नायूंना रक्त हवं असतं. उन्हात त्वचेलाही रक्त हवं, कारण आतली उष्णता त्वचेपर्यंत तेच आणतं. रक्त तेवढंच, मागणारे दोन. मग हृदय जास्त ठोके देऊन भागवून घेतं. म्हणून जानेवारीत ज्या वेगाला तुमचे ठोके १४० होते, त्याच वेगाला मे महिन्यात ते १५५-१६० दिसू शकतात. तुमचा फिटनेस कमी झालेला नाही, घड्याळही बिघडलेलं नाही. शरीर दोन कामं करतंय, इतकंच. अशा वेळी जानेवारीचा वेग टिकवायचा हट्ट धरला, की सगळं बिनसतं.

मग किती हळू धावायचं? यासाठी महागड्या घड्याळाची गरज नाही. शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. ‘काल भाजी काय केली होती’ याचं उत्तर तीन तुकड्यांत यायला लागलं, की वेग कमी करा. चढावर सरळ चालायला लागा. डोंगरात शर्यत करणारे चांगले चांगले धावपटूही तीव्र चढ चालतच चढतात, त्यात कमीपणा काही नाही.

शरीर उन्हाला सरावतं का? सरावतं, आणि फार छान सरावतं. रोज थोडं थोडं उष्णतेत काम केलं, तर १० ते १४ दिवसांत बदल दिसतात. रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो आणि त्यातून मीठ कमी जातं, ठोके खाली येतात. गंमत म्हणजे हा फायदा थंड हवेतही थोडाफार उपयोगी पडतो. पण तीन-चार आठवडे सवय मोडली की तो ओसरतो. आता आपली अडचण बघा. आपण राहतो उन्हाळ्याच्या देशात, पण घर एसी, गाडी एसी, ऑफिस एसी. म्हणजे एप्रिल महिन्यात शरीराला एप्रिल कळलेलाच नसतो. आपल्यापेक्षा समोरच्या साइटवर काम करणारा माणूस उन्हाला जास्त सरावलेला असतो. म्हणून एप्रिलचे पहिले दोन आठवडे आपल्या नेहमीच्या वेळेच्या निम्म्याने सुरुवात करा. पाऊण तास धावत असाल तर वीस-पंचवीस मिनिटं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून पाच-पाच मिनिटं वाढवा. दुपारी मुद्दाम उन्हात धावून ‘सराव’ करण्याची गरज नाही, सकाळी सात-साडेसातपर्यंतचं ऊन पुरेसं आहे. सुट्टीत थंड हवेच्या ठिकाणी जाऊन पंधरा-वीस दिवसांनी परत आलात, तर पुन्हा कमीपासून सुरू करा.

आता प्रत्यक्ष आठवडा कसा लावायचा ते सांगतो. नोकरी, घर, मुलं सांभाळून आठवड्याला सहा-सात तास मिळतात असं धरू. सोमवारी विश्रांती. मंगळवारी आणि शुक्रवारी पोहणं, प्रत्येकी ४० मिनिटं. बुधवारी टेकडीवर ४० ते ४५ मिनिटं सावकाश धावणं. गुरुवारी जिना आणि ताकदीचे व्यायाम. शनिवारी दीड-दोन तास सायकल आणि उतरल्या उतरल्या १० मिनिटं धावणं. रविवारी डोंगरवाटेवर ७५ ते ९० मिनिटं. सुरुवात साडेपाचला, आणि काहीही झालं तरी साडेसात-पावणेआठला संपवायचं. दर चौथ्या आठवड्याला हे सगळं एक तृतीयांश कमी करायचं. नव्या माणसाने यातले चारच दिवस धरावेत.

जिन्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तो आपल्या घरात आहे, सावलीत आहे आणि फुकट आहे. आपल्या इमारती सात मजली. एका मजल्याला तीन मीटर धरले तर एकदा वर जाणं म्हणजे २१ मीटर चढ. आतकरवाडीतून सिंहगडाचा चढ साधारण ६०० मीटर आहे. म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस वेळा वर गेलात की घरबसल्या सिंहगड झाला! अर्थात एका दिवशी नाही. पाच वेळांपासून सुरू करा, आठवड्याला एक-दोन फेऱ्या वाढवा. सुरुवातीला खाली येताना लिफ्ट वापरा. उतरताना मांडीच्या स्नायूंवर आणि गुडघ्यांवर जो ताण येतो, त्याची सवय हळूहळूच लागते. पण ती लावायला हवी, कारण डोंगरातल्या शर्यतीत चढापेक्षा उतारच जास्त जणांना रडवतो. महिन्याभराने दोन-तीन फेऱ्या चालत उतरा. आणि हो, पहाटे साडेपाचला जिन्यात बूट आपटू नका, पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी माझ्याकडे दोनदा तक्रार केली आहे. ती रास्त आहे.

पोहण्याचं म्हणाल तर उन्हाळ्यात सगळे तलाव मुलांच्या शिबिरांनी भरलेले असतात. पहाटेची पहिली बॅच गाठा. पाण्यात घाम येत नाही हा गैरसमज आहे. कोमट पाण्यात जोरात पोहलात तर भरपूर घाम जातो, फक्त कळत नाही. आणि हात जोडून एक विनंती: तलावात पोहता येतं म्हणून धरणाच्या पाण्यात, विहिरीत किंवा नदीच्या डोहात उतरू नका. दर उन्हाळ्यात बुडाल्याच्या बातम्या येतात, आणि त्यातले कित्येक जण पोहणारे असतात. खुल्या पाण्याचा सराव ट्रायथलॉनसाठी लागतोच, पण तो जिथे परवानगी आहे तिथे, जाणकाराबरोबर, कमरेला रंगीत फुगा बांधून आणि काठावर लक्ष ठेवणारा माणूस असेल तरच करायचा.

सायकलचं उलटं आहे. सायकलवर वारा लागतो, घाम लगेच वाळतो, त्यामुळे किती पाणी गेलं याचा पत्ता लागत नाही. उतरून धावायला लागलं की वारा थांबतो आणि उष्णता एकदम अंगावर येते. पायही लाकडासारखे होतात. म्हणूनच शनिवारी ती दहा मिनिटं ठेवली आहेत. ती वेगासाठी नाहीत, त्या अवस्थेची ओळख व्हावी म्हणून आहेत.

टेकडीवर आणि गडांवर उन्हाळ्याचे स्वतःचे धोके आहेत. गवत वाळून वाट घसरडी होते, मुरमावर आणि घसाऱ्यावर पाय सटकतो. गडांवरची बरीच टाकी आटतात, तेव्हा ‘वर पाणी मिळेल’ हा भरवसा धरू नका, पाणी पाठीवरच न्या. आपला काळा कातळ नऊ वाजताच तव्यासारखा तापतो. कड्यांना आग्या मोहोळं असतात, तिथे आरडाओरडा नको, धूर नको, उग्र अत्तर नको. वणवा दिसला तर त्याच्या वरच्या अंगाला कधीही जाऊ नका, आग चढाच्या दिशेने झपाट्याने धावते. पौर्णिमेच्या रात्री कात्रज ते सिंहगड जाणारे बरेच असतात. ऊन टळतं हे खरं, पण विजेरी, पुरेसं पाणी आणि वाट माहीत असलेला माणूस हवाच. एक चांगली गोष्ट पण सांगतो: मे महिन्यात वाटेवर करवंदं पिकलेली असतात. घड्याळ थांबवून ती जरूर खा!

पाण्यावर येतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. किती प्यायचं? प्रत्येकाचा घाम वेगळा, कोणाचा तासाला अर्धा लिटर, कोणाचा दीड, काहींचा दोन लिटरपर्यंत. तुमचा किती, ते घरच्या काट्यावर कळतं. धावण्याआधी कमीत कमी कपड्यांत वजन करा, आल्यावर अंग पुसून पुन्हा करा. समजा ६८ किलोचे ६७.१ झालात आणि वाटेत ४०० मिलिलिटर पाणी प्यायलात, तर घाम गेला साधारण १.३ लिटर. दोन-तीन रविवार हे केलंत की अंदाज येतो. वजनात दोन टक्क्यांपेक्षा जास्त घट नको, म्हणजे ६८ किलोच्या माणसाला साधारण १.३ किलोपर्यंत चालेल.

पण वजन वाढता कामा नये, हे त्याहून महत्त्वाचं. ‘पाणी प्या, पाणी प्या’ असं आपण इतकं सांगतो की काही जण तहान नसतानाही पीत राहतात. त्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम धोक्याच्या रेषेखाली निघालं. शर्यतीत वजन वाढलेल्यांमध्ये हे प्रमाण जास्त होतं, आणि सावकाश धावणारे, चार तासांपेक्षा जास्त वेळ घेणारे त्यात जास्त होते. म्हणजे आपल्यासारखेच. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं दिसली तर आणखी पाणी पाजू नका, दवाखान्यात न्या.

तासाभराच्या आत सराव असेल तर साधं पाणी पुरतं. त्यापुढे मीठ आणि साखर दोन्ही हवं. जलसंजीवनीचं पाकीट उत्तम. ते नसेल तर एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट भरलेले, शिगोशीग नाही. लिंबू पिळलं तर प्यायला बरं लागतं. परत आल्यावर मीठ घातलेलं ताक, कोकम सरबत, पन्हं, नाचणीची आंबील यांच्यासारखं दुसरं काही नाही. खाण्यासाठी केळं, खजूर, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू खिशात ठेवा. मधुमेह, रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असेल त्यांनी मात्र मीठ-साखरेचं आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

आता सर्वांत गंभीर भाग. थोडं लक्ष देऊन ऐका.

सप्टेंबर २०१६, मेक्सिकोतलं कोझुमेल बेट. जागतिक ट्रायथलॉन मालिकेची शेवटची शर्यत. इंग्लंडचा जॉनी ब्राउनली सगळ्यांत पुढे होता. महिन्याभरापूर्वीच त्याने रिओ ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवलं होतं, सुवर्ण त्याच्या मोठ्या भावाचं, अ‍ॅलिस्टरचं. कोझुमेलला दमट उन्हाळी हवा होती. शेवटचे काहीशे मीटर राहिले असताना जॉनीचे पाय वाकडेतिकडे पडायला लागले, तो रस्त्याच्या कडेला जाऊन थांबला. मागून अ‍ॅलिस्टर आला. त्याने स्वतःची शर्यत सोडून भावाचा हात आपल्या खांद्यावर घेतला, त्याला ओढत नेलं आणि रेषेपलीकडे ढकललं. जॉनी दुसरा आला, अ‍ॅलिस्टर तिसरा. जगभर त्या दृश्याचं कौतुक झालं. मला त्यातून वेगळी गोष्ट दिसते. जगातला पहिल्या दोन-तिघांतला खेळाडू, ज्याच्या दिमतीला प्रशिक्षक आणि डॉक्टर, त्यालाही आपण कोसळणार हे आधी कळलं नाही.

असं का होतं? कारण शरीर फार तापलं की पहिला परिणाम मेंदूवर होतो. निर्णय घेणारी जागाच आधी बिघडते. माणूस म्हणतो, ‘मला काही झालं नाही, चला पुढे.’ तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं. म्हणून उष्माघात स्वतःचा स्वतःला ओळखता येत नाही. तो शेजारच्याला ओळखावा लागतो. उन्हाळ्यात एकटे धावू नका असं मी म्हणतो ते यासाठी.

शेजारच्याने काय बघायचं? बोलणं असंबद्ध झालं, चिडचिड करायला लागला, चाल लडबडली, सोपा प्रश्न विचारला तर उत्तर चुकलं. ‘आज वार कोणता? आपण कुठून आलो?’ एवढं विचारा. उष्माघातात घाम थांबतो असं आपण ऐकलेलं असतं, पण धावणाऱ्याला होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलं असू शकतं. तेव्हा घाम आहे म्हणजे ठीक आहे, असं समजू नका. कपाळावर धरायचा थर्मामीटरही अशा वेळी फसवतो. आतलं तापमान ४० अंशांच्या वर असतं आणि कपाळ थंड लागतं.

मग काय करायचं? आधी थंड करायचं, मग हलवायचं. हा क्रम लक्षात ठेवा. १०८ ला फोन एकाने लावायचा, तोवर बाकीच्यांनी सावलीत नेऊन, बूट आणि जादा कपडे काढून, मोठ्या टबात बर्फाच्या पाण्यात मानेपर्यंत बसवायचं. डोकं पाण्याबाहेर धरून ठेवायचं, हात सोडायचा नाही. टब नसेल तर नळीने पाणी सतत ओता, बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या चादरी अंगावर टाका, दर दोन मिनिटांनी बदला आणि वारा घाला. शुद्धीवर नसेल किंवा गोंधळलेला असेल, तर तोंडात पाणी घालू नका. पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड झालं तर माणूस बहुतेक वेळा वाचतो. रुग्णवाहिकेची वाट बघत नुसतं वारा घालत बसलो, तर तो अर्धा तास हातचा जातो.

कोणी उन्हात धावूच नये? ताप, जुलाब, उलटी होऊन दोन-तीन दिवस झाले नाहीत त्यांनी. रात्री झोप झाली नाही किंवा आदल्या रात्री मद्य घेतलंय त्यांनी. रक्तदाबासाठी लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील, सर्दीची किंवा अ‍ॅलर्जीची काही औषधं चालू असतील, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. धावण्याआधी दुखणं दाबायची गोळी घेणं तर बंदच करा. पाणी कमी पडलेल्या शरीरात ती किडनीला इजा करते. चाळिशी ओलांडलेल्यांनी सुरुवातीलाच रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. साठीच्या पुढच्या काका-काकूंना एक सांगतो: वय वाढलं की तहान उशिरा लागते आणि घामही कमी येतो. तुम्ही तहानेची वाट न बघता घोट-घोट पाणी घ्या आणि टेकडीवरून सात वाजता परत फिरा.

आपल्या गटाबद्दलही बोलायला हवं. गटामुळे माणूस पहाटे उठतो, हे मी रोज बघतो. पण गटामुळेच माणूस नको तेवढा पळतो, हेही बघतो. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी वीस किलोमीटर टाकले की पंचवीस अंगठे येतात. अर्ध्यातून परत आलेल्याला कोणी अंगठा देत नाही. मग पुढच्या रविवारी तो परत येत नाही, ओढत राहतो. एप्रिल-मेपुरते तीन नियम करू या का? पहिला, गटावर किलोमीटर आणि वेग टाकायचा नाही, फक्त किती वेळ सराव केला ते लिहायचं. दुसरा, रोज प्रत्येकाची जोडी ठरलेली, आणि जोडीदार ‘थांब’ म्हणाला की वाद न घालता थांबायचं. तिसरा, निघताना गेटवरच्या वहीत कुठे जातोय आणि कधी येणार हे लिहायचं. वॉचमन दादांकडे वही आहेच. पहाटे एकट्या जायला ज्या ताई-वहिनी कचरतात, त्यांनाही या जोडीचा आणि वहीचा उपयोग होईल.

शेवटचा मुद्दा धावणाऱ्यांपुरता नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला एका मोठ्या कार्यक्रमात हजारो लोक दुपारपर्यंत मोकळ्या मैदानात बसले होते. त्यातल्या १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. पारा काही ४५ वर गेलेला नव्हता, आणि कोणी धावतही नव्हतं. ऊन आणि दमट हवा एवढंच पुरेसं झालं. आपल्या सोसायटीत दुपारी बाराला उन्हात कोण असतं? गेटवरचे दादा, झाडलोट करणाऱ्या मावशी, गच्चीवर वॉटरप्रूफिंग करणारे मजूर, पार्सल घेऊन येणारी मुलं. आज जे सांगितलं ते सगळं त्यांनाही लागू आहे.

म्हणून कमिटीकडे माझ्या तीन मागण्या आहेत, रौप्यमहोत्सवाची भेट समजा. एक, माणूस बसू शकेल असा मोठा टब आणि पाण्याची लांब नळी क्लबहाउसमध्ये ठेवावी, आणि बर्फासाठी प्रत्येक विंगमधल्या दोन घरांची नावं लिहून ठेवावीत. दोन, गेटवर थंड पाण्याचा माठ आणि जलसंजीवनीची पाकिटं ठेवावीत, आणि गेटच्या केबिनवर हिरवी जाळी टाकावी. तीन, बांधकामाची आणि गच्चीवरची कामं एप्रिल-मेमध्ये बारा ते चार बंद ठेवावीत. खर्च फार नाही. टब तर वर्षातून एकदा गणपती विसर्जनालाही उपयोगी पडेल!

येत्या पंचवीस वर्षांत आपल्यातले कोण आयर्नमॅन होतील आणि कोण नुसते टेकडीवर जाऊन येतील, ते मला माहीत नाही. दोघंही मला सारखेच. पहिल्या एप्रिलला साडेपाच वाजता गेटवर या, येताना वजन करून या, आणि आपली जोडी ठरवून या. पहिला दिवस पंचवीस मिनिटांचाच आहे.

 बाहेर कोकम सरबत ठेवलंय. बी विंगमधल्या काकूंनी केलंय, मीठ अगदी बेताचं आहे.